सेलमधला बारा ग्लासांचा संच घ्यावा का?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा आहे. पिल्सनर, वाइझन, पिंट, ट्यूलिप, स्निफ्टर आणि कानाचा मग असे सहा आकारांचे प्रत्येकी दोन, म्हणजे एकूण बारा ग्लासांचा संच सेलमध्ये 2,499 रुपयांना मिळतो आहे, त्यासोबत फेस आणणारे बॅटरीवरचे एक यंत्र फुकट आहे, आणि त्याशिवाय बुटाच्या आकाराचा एक मोठा ग्लास तुम्हाला खुणावतो आहे. या निरनिराळ्या आकारांनी बिअरमध्ये खरोखर फरक पडतो का, हा संच घ्यावा का, आणि बारमध्ये शेवटच्या घोटापर्यंत टिकणारा फेस घरी दोन मिनिटांत का बसतो, असे तुम्ही विचारले आहे. कोडी सोडवण्याचा नाद असल्याचेही तुम्ही लिहिले आहे; त्याचा पुढे उपयोग होणार आहे. पुण्यात बिअरच्या धंद्यात मला तेरा वर्षे झाली आणि त्यांतले पहिले वर्ष ग्लास धुण्यातच गेले, त्यामुळे मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरे बरीचशी त्यातच दडलेली आहेत.

बिअरचा फेस म्हणजे नुसती हवा नव्हे. माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातून, आलेली प्रथिने आणि हॉप्स या वेलीच्या फुलांमधली कडू द्रव्ये एकत्र येऊन कार्बन डायऑक्साइडच्या प्रत्येक बुडबुड्याभोवती एक पातळ पण चिवट पापुद्रा धरतात, आणि हा पापुद्रा आहे तोवर फेस आहे. तो आपल्या गतीने बसतोच; त्या बसण्यालाही एक नियम आहे. म्यूनिकच्या लुडविग माक्सिमिलियन विद्यापीठातील आर्न्ड लाइके यांनी फेसाची उंची वेळोवेळी मोजून तो किरणोत्सर्गी पदार्थाप्रमाणे घातांकी नियमाने घटतो हे दाखवले आणि त्याबद्दल त्यांना 2002 सालचे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिले जाणारे, पारितोषिक मिळाले. प्रत्येक बिअरच्या फेसाचे ‘अर्धायुष्य’, म्हणजे तो निम्मा व्हायला लागणारा वेळ, निराळे असते, परंतु हा हिशेब स्वच्छ ग्लासापुरता आहे. काचेवर तेलाचा किंवा साबणाचा नावापुरता थर असला, तरी तो पापुद्रा फाडतो आणि फेस नियमाची वाट न पाहता खाली बसतो.

आता आपल्या घरातल्या मोरीकडे पाहा. ज्या घासणीने फोडणीची कढई घासली जाते, त्याच घासणीने ग्लासही घासला जातो. वडीचा साबण चोळून वरवर विसळला की त्याचा पातळ थर काचेला धरून राहतो. आणि सकाळी ज्या ग्लासातून दूध किंवा ताक प्यायले, तोच ग्लास संध्याकाळी बिअरला काढला जातो. डोळ्यांना तो लख्ख दिसतो, पण बिअर मात्र फसत नाही. बारमधला फेस टिकतो त्यामागे कोणतेही गुपित नाही. तेथे बिअरच्या ग्लासांना निराळा ब्रश आणि निराळे पाणी असते, एवढेच. आणि जेथे ते नसते तेथे बारमध्येही फेस टिकत नाही.

ग्लास खरोखर स्वच्छ आहे की नाही, हे तपासण्याच्या दोन रीती आम्ही नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवतो. ग्लास पाण्यात बुडवून उलटा धरावा. पाणी अखंड पडद्यासारखे सरकून गेले तर काच स्वच्छ आहे; ते तुटून थेंबाथेंबांनी किंवा ओघळांनी थांबले, तर तेथे तेलकटपणा आहे. दुसरी रीत अशी, की ओल्या ग्लासाच्या आतल्या बाजूला बारीक मीठ भुरभुरावे. स्वच्छ काचेला मीठ सारखे चिकटते आणि तेलकट जागा तेवढी उघडी राहते, नकाशावरच्या बेटासारखी. ही दुसरी चाचणी घरी एकदा करून पाहाच, कारण बहुतेकांना आपला ‘स्वच्छ’ ग्लास तेव्हा पहिल्यांदा दिसतो. शिवाय पिता पिताही दोन खुणा सापडतात: भरलेल्या ग्लासाच्या कडांना आतून बुडबुडे चिकटून बसले असतील तर तेथे मळ आहे, आणि प्रत्येक घोटानंतर फेसाचे जाळीदार वळे काचेवर मागे राहत असेल तर धुणाऱ्याचे काम चोख झालेले आहे.

धुण्याची पद्धत साधी आहे. बिअरच्या ग्लासांसाठी एक स्वतंत्र मऊ ब्रश ठेवावा, भांड्यांच्या लिक्विडचा एकच थेंब कोमट पाण्यात घालावा, आणि घासण्याला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ वाहत्या पाण्यात खळबळण्याला द्यावा. नंतर फडक्याने पुसू नये, कारण फडक्यात तंतूही असतात आणि स्वयंपाकघराचा वासही. ग्लास जाळीवर उपडा ठेवावा, म्हणजे खालून हवा खेळते. सपाट ओट्यावर किंवा वर्तमानपत्रावर उपडा घातला तर आतली दमट हवा कोंडते आणि दुसऱ्या दिवशी ग्लासाला कुबट वास येतो. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर असलेल्या सोसायट्यांमध्ये काचेवर पांढुरका धुरकटपणा येतो, तो क्षारांचा असतो आणि साबणाने जात नाही. पाण्यात थोडे लिंबूसत्व किंवा पांढरे व्हिनेगर घालून त्यात ग्लास पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवला की तो सुटतो. आणि ओतण्यापूर्वी ग्लास गार पाण्याने एकदा आतून ओला करून घ्यावा, म्हणजे कोरड्या काचेवर आपटून बिअर उसळत नाही.

ग्लास फ्रीझरमध्ये ठेवण्याची आवड अनेकांना असते, त्याबद्दलही येथेच सांगतो. बर्फाळ काचेवर बारीक स्फटिक जमतात, बिअर त्यांच्यावर पडताच भसाभस फेसाळते, आणि ते वितळून तीच बिअर पातळही करतात. एवढ्या गारठ्यात जिभेला चव कळत नाही, हे ज्यांना नुसते गार काहीतरी हवे असते त्यांना चालते, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. मात्र ज्या फ्रीझरमध्ये बोंबील किंवा सुरमई ठेवलेली असते, त्यातून काढलेल्या ग्लासातला पहिला घोट घेताना नाकाला काय कळते, ते कोकणी घरांत निराळे सांगायला नको.

स्वच्छतेनंतर माप. आकाराच्या चर्चेत हीच गोष्ट सर्वांत दुर्लक्षित राहते. आपल्याकडे ‘पिंट’ म्हणजे 330 मिलीची छोटी बाटली. ब्रिटनमध्ये पिंट म्हणजे 568 मिली आणि अमेरिकेत 473 मिली. त्यामुळे विक्रीच्या पानावर ‘पिंट ग्लास’ असे लिहिलेले वाचून नेमके काय येणार, याचा काहीच बोध होत नाही. त्यातून पानावर दिलेला आकडा हा बहुधा काठोकाठ भरलेल्या ग्लासाचा असतो आणि काठोकाठ बिअर कोणीच ओतत नाही. जर्मनीत ग्लासावर 0.5 लिटरची रेघ कोरलेली असते आणि तिच्या वर फेसासाठी मोकळी जागा असते, त्यामुळे ग्राहकाला द्रव किती आणि फेस किती हे बसल्या जागी दिसते. आपल्याला हा हिशेब घरी करावा लागतो, आणि त्याला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो: काट्यावर रिकामा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि पाणी ओतत जावे, जितके ग्रॅम तितके मिली. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी ‘500 मिली’ म्हणून घेतलेला मग याच रीतीने 420 ग्रॅमलाच सांडू लागला होता. तळाची काच इतकी जाड होती, की हातात घेतल्यावर तो मोठा वाटावा. तेव्हापासून माझा नियम असा आहे, की जी बाटली आपण नेहमी घेतो तिच्या मापापेक्षा ग्लास निदान शंभर-सव्वाशे मिलीने मोठा असावा. 330 च्या पिंटला साडेचारशेच्या आसपासचा, आणि 500 च्या कॅनला सव्वासहाशे-साडेसहाशेचा. 650 ची मोठी बाटली एका ग्लासात मावावी असा हट्ट धरू नये. ती दोनदा ओतलेलीच बरी, कारण उरलेली बिअर बाटलीत जास्त गार राहते.

आता आकार. निरनिराळ्या गावांनी निरनिराळे ग्लास घडवले ते जिभेच्या कोणत्या भागाला कोणती चव कळते असा नकाशा समोर ठेवून नव्हे, तर आपापल्या बिअरच्या सोयीने. जर्मनीच्या कोल्न शहरातली क्योल्श ही हलकी बिअर 200 मिलीच्या सरळ, अरुंद ग्लासात देतात, कारण ती गार आणि ताजी असतानाच संपावी. ग्लास रिकामा झाला की वाढपी न विचारता दुसरा ठेवतो, बिअरखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने रेघ मारतो, आणि तुम्ही तो पुठ्ठा ग्लासावर झाकण म्हणून ठेवीपर्यंत हा क्रम चालूच राहतो. जर्मनीच्याच बव्हेरिया प्रांतातल्या गव्हाच्या बिअरला, म्हणजे वाइझनला, खूप फेस येतो. म्हणून तिचा ग्लास उंच, कमरेला बारीक आणि वर फुललेला असतो, आणि त्या फुललेल्या भागात फेस थोपवून धरला जातो. बेल्जियमच्या डुव्हेल या साडेआठ टक्क्यांच्या बिअरचा ट्यूलिप ग्लास मुद्दाम असा बेतला, की 330 मिलीची अख्खी बाटली तिच्या उंच फेसासकट एकाच वेळी मावावी. त्याच्या तळाला आतून एक खूण कोरलेली असते आणि त्या खरखरीत जागेवर बुडबुडे सतत जन्म घेत राहतात. होगार्डन या बेल्जियन बिअरचा षट्कोनी, जाड काचेचा ग्लास हाताची ऊब बिअरपर्यंत पोहोचू नये म्हणून, असे सांगतात. खरे तर त्या जाड काचेचा मला जाणवलेला मोठा गुण हा, की तो लवकर फुटत नाही.

या सर्वांतून चवीच्या दृष्टीने उपयोगाचे सूत्र एकच निघते, आणि ते नाकाशी संबंधित आहे. पोट मोठे आणि तोंड आत वळलेले असेल तर सुवास आत साठतो. म्हणून जोरकस वासाच्या बिअरला, म्हणजे आयपीए (इंडिया पेल एल), बेल्जियन किंवा तीव्र काळ्या बिअरला, ट्यूलिपसारखा आकार खरोखर न्याय देतो. हा फरक डोळे बांधूनही ओळखता येतो. आमच्याकडे कर्मचाऱ्यांना शिकवताना एकच आयपीए मगमध्ये आणि ट्यूलिपमध्ये ओतून हुंगायला देतो, तेव्हा क्वचितच कोणी चुकते. याउलट नेहमीची लागर, म्हणजे आपल्याकडे सर्रास मिळणारी फिकट बिअर, चांगल्या धुतलेल्या साध्या ग्लासात आणि खास पिल्सनर ग्लासात ओतली, तर जो फरक जाणवतो तो मुख्यत्वे डोळ्यांना: उंच अरुंद काचेतून सोनेरी रंग आणि वर चढणारे बुडबुडे सुंदर दिसतात. पाहण्याचा हा आनंद मी कमी लेखत नाही. पिल्सनर मुळात ज्या चेक शहरात 1842 साली प्रथम तयार झाली, त्या पिल्झेनच्या बिअरचा डौल तिच्या पारदर्शक सोनेरी रंगातच होता. पण त्या डौलासाठी किती पैसे मोजायचे हे आपले आपण ठरवावे.

तुमच्या संचातला ‘पिंट’ हा चित्रावरून तरी वर रुंद आणि खाली निमुळता असा सरळ शंकूसारखा ग्लास दिसतो. अमेरिकी बारमधला हा ग्लास मूळचा कॉकटेल घुसळण्याच्या जोडीतला. स्वस्त, मजबूत आणि एकात एक बसणारा म्हणून तो बिअरला लागला. येथे तुमच्यासाठी एक कोडे आहे. आतून वर 8.4 सेंटीमीटर व्यास, तळाला 5.6 आणि उंची 13, असा ग्लास काठोकाठ भरला आहे. पिता पिता पातळी बरोबर अर्ध्या उंचीवर आली, तर ग्लासात किती बिअर उरली? ‘अर्धी’ हे उत्तर चूक आहे. उरते ती फक्त चाळीस टक्के. खरी निम्मी पातळी तळापासून पावणेआठ सेंटीमीटरवर असते, म्हणजे साठ टक्के उंचीवर. याचे दोन परिणाम होतात. पहिला खिशाचा: अशा ग्लासात वरचा सव्वा सेंटीमीटर रिकामा राहिला की साधारण तेरा टक्के बिअर कमी मिळते, आणि डोळ्यांना ती बोटभर जागा क्षुल्लक वाटते. दुसरा पिण्याच्या वेगाचा: ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले, की बाक असलेल्या ग्लासातून लोक लागर बिअर सरळ ग्लासाच्या मानाने बरीच लवकर संपवतात, आणि बाकदार ग्लासात निम्मे कुठे आले याचा त्यांचा अंदाज चुकतो. ज्यांना सावकाश प्यायचे आहे त्यांनी सरळ बाजूंचा ग्लास निवडावा, असे मी या आधारावर निःसंकोच सांगतो.

काचेबद्दल दोन गोष्टी. स्वस्त संचावर ‘क्रिस्टल’ असे लिहिलेले असते, ती बहुतेक वेळा नेहमीची सोडा-लाइम काचच असते, आणि बिअरला ती पूर्ण पुरते. तिचा शत्रू म्हणजे तापमानातला एकदम फरक. कामाच्या पहिल्याच महिन्यात मी धुण्याच्या यंत्रातून वाफाळता मग काढून घाईने थेट नळाखाली धरला होता. दोन अंशांची बिअर पडली, एक बारीकसा ‘टक’ आवाज झाला, आणि हातात फक्त कान उरला. बाकीचा मग आणि अर्धा लिटर बिअर माझ्या बुटांवर. जाड काच अशा वेळी पातळ काचेपेक्षा आधी तडकते, कारण तिचा आतला आणि बाहेरचा भाग एका वेळी आकसत नाही. न फुटणारे ग्लास बनवता येत नाहीत असेही नाही: पूर्व जर्मनीत 1980 पासून ‘सुपरफेस्ट’ नावाचे ग्लास बनत होते, ज्यांच्या पृष्ठभागातल्या सोडियमच्या जागी रासायनिक क्रियेने पोटॅशियम बसवून काच कितीतरी कणखर केलेली होती. जर्मनी एक झाल्यावर त्यांना गिऱ्हाईक मिळाले नाही. जो ग्लास फुटत नाही तो पुन्हा विकला जात नाही, हे विक्रेत्यांनी ओळखले होते असे म्हणतात. पुढे मोबाइलच्या काचांना तीच युक्ती लागू झाली, आणि त्या आपण सेलमध्ये मोठ्या आनंदाने घेतो.

तर मग संच घ्यावा का? माझे मत, घेऊ नये. बारांपैकी निदान सहा ग्लास वर्षभर कपाटात धूळ खातील. मोठ्या पोटाचा स्निफ्टर आणि ट्यूलिप यांचे काम एकच, म्हणजे सुवास साठवण्याचे, असल्याने त्यांपैकी एक जोडी निव्वळ जास्तीची आहे. आणि संचात सर्वांचे माप एकत्र ‘सुमारे 400 मिली’ असे दिले असेल, तर त्यातला वाइझन ग्लास वाइझनच्या कामाचा नाही, तो फक्त तिच्यासारखा दिसतो. त्याऐवजी दोन जोड्या घ्या: साडेचारशे ते पाचशे मिलीचे, आत वळलेल्या तोंडाचे ट्यूलिप दोन, आणि सरळ बाजूंचे, सव्वासहाशेच्या आसपासचे दोन. शक्य असेल तर पुण्यातल्या बोहरी आळीसारख्या ठिकाणी, जेथे हॉटेलवाले भांडी घेतात, तेथे प्रत्यक्ष जाऊन घ्या. सुटा ग्लास हातात घेता येतो, कडेवरून बोट फिरवून खपली आहे का पाहता येते, उजेडाकडे धरून काचेतले फुगे दिसतात, आणि फुटलाच तर एकट्याला जोडीदार मिळतो. सोनेरी कड असलेला घेऊ नका. घासताना ती पहिल्या पावसाळ्यापर्यंतही टिकत नाही. तळाला कोरीव खूण असलेला ग्लास मिळाला तर तो झपाट्याने पिणाऱ्याला द्या, कारण त्यात फेस सतत ताजा होत राहतो खरा, पण बिअरमधला वायूही लवकर संपतो आणि गप्पा मारत बसणाऱ्याच्या हाती शेवटी सपक पाणी येते.

फुकटच्या यंत्राबद्दल थोडक्यात. ते कंपनांनी बिअरमधला वायू मोकळा करून वर दाट फेस आणते, आणि ते चालतेही. परंतु ग्लास तिरका धरून बाजूने ओतायला सुरुवात करावी, अर्ध्यावर आल्यावर तो सरळ करून मधोमध ओतावे, हे मनगटाला एकदा जमले की यंत्र खणात जाते. आणि ग्लास तेलकट असेल तर त्या यंत्राचा फेसही तितक्याच लवकर बसतो.

राहिला बुटाचा ग्लास. तो मात्र घ्या, बिअरसाठी नव्हे तर कोड्यासाठी. पाहुण्याच्या हातात भरलेला बूट द्या आणि न सांडता संपवायला सांगा. नव्वद टक्के लोक बुटाचे टोक आपल्यापासून दूर, वरच्या दिशेला धरतात; पातळी घोट्याच्या खाली आली की टोकात अडकलेल्या बिअरच्या मागे हवा एकदम शिरते आणि ती सारी बिअर गटकन् तोंडावर येते. उपाय इतकाच, की पातळी घोट्याशी येण्यापूर्वीच बूट हळूहळू फिरवून त्याचे टोक आडवे, गालाच्या दिशेला करावे, म्हणजे हवा थोडी थोडी आत जात राहते. पहिला प्रयोग मोरीपाशी करा, आणि तोही पाण्याने.